कोल्ड स्टोरेजमधली कॅसेट

महाराष्ट्रात आजवर जेवढे म्हणून गिटारवादक झाले, त्या सगळ्यांत माझा मेहुणा एका बाबतीत निर्विवाद पहिला आहे. त्याला गिटार वाजवताना कोणीही पाहिलेलं नाही. मी पाहिलेलं नाही, माझ्या बायकोने, म्हणजे त्याच्या सख्ख्या बहिणीने पाहिलेलं नाही, आणि ज्या माउलीने त्याच्याशी संसार मांडला तिनेही इतक्या वर्षांत पाहिलेलं नाही. ऐकलं मात्र सगळ्यांनी आहे, आणि नको तितकं ऐकलं आहे. कारण हा गृहस्थ वाजवतो ते फक्त रेकॉर्डिंगसाठी. खोलीत दुसरं माणूस आलं की त्याची बोटं आखडतात, कानाच्या पाळ्या लाल होतात आणि तो गिटार अशा काही घाईने पलंगाखाली सारतो की येणाऱ्याला वाटावं, आपण भलत्याच वेळी आलो. तेच माणूस बाहेर गेलं, दाराला कडी लागली आणि टेपरेकॉर्डरचं लाल बटण दाबलं गेलं की हा वाजवतो. मग कॅसेट घेऊन बाहेर येतो आणि गावभर ऐकवत हिंडतो. पिंपळगाव बसवंतच्या अलीकडे त्यांचं गाव. तिथे बरीच वर्षं एक मतप्रवाह असा होता की हा काही वाजवत-बिजवत नाही, नाशकाला जाऊन कॅसेटी विकत आणतो. माझं मत मी सासुरवाडीत कधी बोलून दाखवलं नाही, पण विकत आणल्या असत्या तर त्या जरा बऱ्या असत्या, एवढं मलाही कळत होतं.

हे गिटारप्रकरण आमच्याच घरात सुरू झालं, त्यामुळे सासरची मंडळी त्याचा दोष आजही मलाच देतात. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला सासऱ्यांनी द्राक्षांची एक पेटी आणि हा मुलगा असे दोन्ही एकाच दिवशी माझ्या नाशिकच्या घरात आणून ठेवले. पेटी आठवड्यात संपली. मुलगा कॉलेजच्या नावाखाली कितीतरी वर्षं राहिला. शरणपूरला एक वयस्क ख्रिस्ती सर गिटार शिकवत, त्यांच्याकडे हा केव्हा जायला लागला आणि त्यांनाही धडे कॅसेटवरच ऐकवायला लागला ते आम्हाला कळलंच नाही. कळलं तेव्हा आमच्या न्हाणीघरात टू-इन-वन टेपरेकॉर्डर जाऊन बसला होता. तिथे म्हणे आवाज छान घुमतो. मी पंचा खांद्यावर टाकून बाहेर उभा, ऑफिसची वेळ टळत चाललेली, आणि आतून गंभीर आवाजात घोषणा येई, "टेक एक." मग सगळ्या घराने श्वास रोखून बसायचं. पंखा करकरतो म्हणून पंखा बंद, कुकरची शिट्टी नको म्हणून गॅस बंद. त्या काळात आम्ही जितका अर्धाकच्चा भात खाल्ला तितका कुठल्या वसतिगृहातही कोणी खाल्ला नसेल. एवढं करून नेमका दूधवाला दाराशी येऊन ओरडायचा. मग न्हाणीघराचं दार उघडे आणि हा सुतकी चेहऱ्याने सांगे, "दाजी, दूधवाला लागला." लागला म्हणजे टेपमध्ये आला. त्याच्या लेखी जगातल्या यच्चयावत वस्तूंचे दोनच प्रकार होते, टेपमध्ये लागणाऱ्या आणि न लागणाऱ्या. मला शिंका फार येतात, त्यामुळे मी कुठल्या प्रकारात मोडत होतो हे वेगळं सांगायला नको.

त्याचं लग्न जमलं त्याचीही हीच तऱ्हा. दिंडोरीकडची मुलगी पाहायला आम्ही गेलो होतो. पोहे झाले, शेतीची चौकशी झाली, आणि मुलीच्या मामांनी सहज विचारलं, "काही छंद वगैरे?" आम्ही कोणी काही बोलायच्या आत ह्याने पिशवीतून टेपरेकॉर्डर काढला, पोह्यांच्या बश्या बाजूला सारून मधोमध ठेवला आणि बटण दाबलं. मंडळी ऐकत राहिली. त्या बिचाऱ्यांना वाटलं, काहीतरी जाहिरात चालू आहे. बऱ्याच वेळाने मुलीच्या वडिलांनी मला हळूच विचारलं, "मुलगा टेपरेकॉर्डरच्या धंद्यात पण आहे का?" मी सांगितलं की हे त्याने स्वतः वाजवलेलं आहे. "मग वाजवून दाखवा की," मामा म्हणाले. "हे काय, दाखवतोय ना," असं म्हणून ह्याने आवाज आणखी मोठा केला. मुलगी दाराआड हसली. ते हसू म्हणजे आपल्या कलेला मिळालेली दाद, असं तो अजूनही समजतो. प्रत्यक्षात तिने पुढे माझ्या बायकोला सांगितलं ते असं, "मला वाटलं, निदान बोलून तरी डोकं खाणार नाही."

शिक्षण म्हणता येईल असं काहीतरी आटोपून तो गावी परतला आणि त्याचे खरे हाल सुरू झाले. खेड्यात शांतता असते हा शहरातल्या लोकांचा गोड गैरसमज आहे. द्राक्षाच्या गावात तर पहाटेपासून फवारणीचे ब्लोअर घोंगावतात, ट्रॅक्टर धडधडतात, मारुतीच्या देवळावरचा भोंगा सुरू असतो, आणि माल गोड व्हायला लागला की पाखरं हाकायला प्रत्येक बागेत माणसं पत्र्याचे डबे बडवत फिरतात. हा शेजारच्या बागेत जाऊन म्हणाला, "काका, पाच मिनिटं डबा थांबवता का?" काका म्हणाले, "मी थांबतो. पाखरांना तू सांग." कांदाचाळीत बसून पाहिलं तर वारा लागला. विहिरीत उतरून पाहिलं तर बेडूक लागले. शेवटी त्याने आणि त्याच्या दोघा चुलतभावांनी भागीदारीत द्राक्षांसाठी छोटंसं कोल्ड स्टोरेज बांधलं, तेव्हा ह्याचा वनवास संपला. भिंतींच्या आत जाडजूड थर्माकोल, दार तिजोरीसारखं. हंगाम उलटला, माल गेला, मशीन बंद झालं की आत बाहेरचं चिटपाखरूही ऐकू येत नसे. "दाजी, ही खोली देवाने माझ्यासाठीच बांधली. द्राक्षं हे आपलं निमित्त," असं तो भागीदारांच्या देखत मला म्हणाला. बँकेचं कर्ज देवाच्या नावावर नव्हतं.

तर असं सगळं गाव ह्याच्या कॅसेटी ऐके, कोणी हौसेने, कोणी भिडेखातर, कोणी द्राक्षं ठेवायला जागा हवी म्हणून. एक माणूस मात्र ऐकत नसे. ते म्हणजे आबा, त्याचे आजोबा, माझे आजेसासरे. आणि नेमक्या त्याच माणसाने ऐकावं म्हणून ह्याचा जीव तुटे. आबांनी ह्याला खांद्यावर बसवून बागा दाखवल्या होत्या, छाटणी शिकवली होती, बापाचा मार चुकवला होता. त्यांचा गिटारवर राग होता असंही नाही. त्यांना मुळात कुठल्याही गोष्टीच्या शेवटापर्यंत बसणंच सोसत नसे. कीर्तनात बुवा रंगात यायला लागले की आबा चपला शोधायला लागत. लग्नाला गेले की अक्षता पडायच्या आत त्यांचं जेवण झालेलं असे. आमच्या लग्नात माझ्या बायकोने वाकून नमस्कार केला, तेव्हा ते "अष्टपुत्रा" म्हणाले आणि "सौभाग्यवती" व्हायच्या आत टेम्पोत जाऊन बसले. मी आजवर टिकून आहे तो आशीर्वादाने नव्हे, स्वतःच्या हिमतीवर. नातवाने कॅसेट लावली की आबा चार सूर ऐकत, डोक्यावरची टोपी नीट करत आणि म्हणत, "मोटार बघून येतो." विहिरीवर जायचं म्हणून जे उठत ते जेवायलाच परत. कैक वेळा गावात वीज नसे, तरी आबा मोटार बघायला जात. वीज नसताना मोटार बघायला जाणारा माणूस मी तेवढा एकच पाहिला.

मेहुण्याने हे फार मनाला लावून घेतलं होतं. "आबांनी एक टेक पुरता ऐकला ना, दाजी, मग मी गिटार सोडली तरी चालेल," असं तो एकदा बोलून गेला. ही बातमी घरात पसरली आणि सगळ्यांच्या आशा पल्लवित झाल्या. सासूबाई तर आबांपुढे पदर पसरून म्हणाल्या, "मामंजी, एकदा बसा न् ऐकून टाका. आमची सुटका व्हईल." आबा म्हणाले, "तू ऐक. मी मोटार बघून येतो."

आबांना उठता येत नसे अशी जगात एकच जागा होती, ती म्हणजे नदीकाठचं अमरधाम. आमच्या त्या निफाड-पिंपळगाव पट्ट्यात माणूस नुसता जळत नाही, त्याच्यावर भाषणं होतात. चितेला अग्नी दिला की इकडे माईक चालू. गावातले एक निवृत्त गुरुजी सूत्रसंचालन करतात, कारण अंत्यविधीला सूत्रसंचालक नसेल तर मयताची गावात किंमत काय राहणार? मग सोसायटीचे चेअरमन, माजी सभापती, कारखान्याचे एखादे संचालक, सगळ्या पक्षांचं एकेक माणूस असे एकामागून एक दोन शब्द बोलायला उठतात आणि दोनशेवर थांबत नाहीत. मयताचा विषय पहिल्या वाक्यात संपतो. पुढे कालव्याचं पाणी, कांद्याचा भाव, येणारी निवडणूक. एकदा माजी सभापतींनी मयताचं नाव सुरुवातीपासून शेवटपर्यंत चुकीचं घेतलं, आणि मयताच्या मुलानेही ते सुधारलं नाही, कारण त्याचं सभापतींकडे काम अडकलं होतं. सगळ्यात शेवटी गुरुजी दहाव्याचा दिवस आणि वेळ जाहीर करतात. ती घोषणा होईपर्यंत जागचं हलायचं नाही अशी रीत. आबा गावातले जुने माणूस, त्यामुळे बसायला पुढेच. ते तिथे मांडी घालून, गुडघे हलवत, दात आवळून बसत आणि घरी आले की आंघोळीच्या आधी ओट्यावर उभं राहून ओरडत, "मेला तो सुटला, आन् आम्ही घावलो!"

अशातच शरणपूरच्या सरांच्या आई वारल्या. मेहुणा मातीला जाऊन आला आणि रात्री जेवताना तिथली हकिकत सांगायला लागला. मी आणि बायको त्या दिवशी तिकडेच होतो. तो म्हणाला, प्रार्थना झाली, मग सरांनी आईसाठी स्वतः गिटार वाजवली, सगळ्यांनी मूठमूठ माती टाकली.

आबांनी मान वर केली. "आन् भाषणं?"

"भाषणं नाही झाली."

"एकबी नाय?"

"नाही. नुसती गिटार."

"दहावा कव्हा ते सांगाया कोण उठलं?"

"कोणी नाही, आबा. लोक आपापल्या घरी गेले."

आबांच्या हातातला भाकरीचा तुकडा कालवणाच्या वाटीवर थांबला. त्यांना इतकं लक्ष देऊन ऐकताना मी तोवर पाहिलं नव्हतं. ते म्हणाले, "मंग माझ्या टायमाला तुझं ते लावून दे. भाषण एकबी नको. त्या सभापतीला माईक दिला ना, तर मी तिथं उठून बसंन, सांगून ठेवतो."

मेहुणा जेवणावरून उठला. त्याचे डोळे भरून आले होते. आजोबांनी स्वतःच्या अखेरच्या प्रवासासाठी आपलं संगीत मागितलं, असं तो बायकोला, बहिणीला आणि भेटेल त्याला सांगत सुटला. त्याला खरं सांगायचं माझ्या अगदी जिभेवर आलं होतं. आबांचा हिशेब अगदी सरळ होता. जे आपल्याच्याने ऐकवत नाही ते सभापतीच्याने तरी कसं ऐकवेल? बागेत पाखरं हाकायला डबे बडवतात, तशी अमरधामात पुढारी हाकायला गिटार. पण त्याचा चेहरा पाहून मी आमटी वाढून घेतली.

त्या दिवसापासून आबांच्या कॅसेटचं काम सुरू झालं. अडचण एवढीच होती की आबा ठणठणीत होते. हंगाम उलटला की हा रोज कोल्ड स्टोरेजमध्ये जाऊन दार लावून घेई आणि घरातल्या मंडळींना काय करावं ते सुचेना. जिवंत माणसाच्या अंत्यविधीची कॅसेट घरात तयार होते आहे, हे पाहुण्यांना सांगायचं कसं? सासूबाई म्हणत, "जित्या माणसाचं काय काढून बसलास मेल्या, सोड ते." आबांना मात्र त्याचं काही नव्हतं. ते छाटणी करता करता मधूनच हाक मारून विचारत, "काय रे, झाली का माझी?"

"शेवट जमत नाही, आबा."

"व्हऊ दे सावकाश. मला घाई नाय."

खरं तर शेवटच काय, सुरुवातही जमत नव्हती. ह्याचा एक जुना दोष असा की तो फार पळतो. चाल कितीही गंभीर असो, बटण दाबलं की ह्याला कुठली गाडी चुकते कुणास ठाऊक. आबांच्या अखेरच्या प्रवासासाठी बांधलेली चाल ऐकली तर वरात दारात आल्यासारखं वाटे. शरणपूरच्या सरांनी ती ऐकली आणि एवढंच म्हणाले की बेटा, जाणाऱ्याला जाऊ दे, त्याला ढकलू नकोस. हा घरी आला आणि आणखी जोरात पळायला लागला.

असे दोन हंगाम गेले आणि तिसऱ्या हंगामाच्या ऐन भरात आबांनी अंथरूण धरलं. नाशकाला आणलं, माझ्याच घराजवळच्या दवाखान्यात ठेवलं. काही दिवसांनी डॉक्टर म्हणाले, आता घरी न्या, वय झालंय. आबांना टेम्पोत गादी घालून गावी नेलं. सगळे रडवेल्या चेहऱ्याने बसलेले असताना मेहुण्याने मला बाजूला घेतलं. "दाजी, कॅसेट राहिलीय." मला वाटलं ह्याच्या एक ठेवून द्यावी. पण त्याचा आवाज कापत होता. कोल्ड स्टोरेज तर द्राक्षांनी खच्चून भरलेलं, मशीन रात्रंदिवस चालू. भागीदार भावांनी साफ सांगितलं की आबा आमचेही आजोबाच आहेत, पण माल बोटीने चाललाय, मशीन एक मिनिटही बंद होणार नाही. मग हा चालू मशीनमध्येच आत गेला. अंगात सासऱ्यांचा लग्नातला कोट, त्यावर सासूबाईंची शाल, डोक्याला माकडटोपी, पायात एकावर एक मोजे, काखेत गिटार. बाहेर मार्च महिन्याचं ऊन मी म्हणत होतं. हमाल जेवायला गेले होते तेवढ्या वेळात उरकायचं होतं, आणि दार कोणी उघडू नये म्हणून राखणीला जावई. एका ट्रकवाल्याने मला विचारलं, "आत काय चाललंय?" मी म्हणालो, "टेक."

हा बाहेर आला तो ओठ निळे, नखं निळी, मिशीला दव. बोटं सरळ होईनात म्हणून कॅसेट मीच टेपरेकॉर्डरमधून काढली आणि माझ्या गाडीतल्या टेपमध्ये लावली. आधी आली ती "टेक एक" ही गंभीर घोषणा, दातावर दात वाजत असल्यामुळे जरा तुकड्यातुकड्यांत. मग खोकला. मग गिटार. बोटं गारठली होती, त्यामुळे त्याला पळताच आलं नव्हतं. एकेक सूर तो शोधून, चाचपून, जपून ठेवत गेला होता. आणि त्या सगळ्याच्या खाली कोल्ड स्टोरेजच्या मशीनचा एकसारखा षड्ज, तंबोरा लावून ठेवावा तसा. ते फार सुंदर होतं. हे वाक्य लिहिताना आजही माझा हात अडखळतो, पण ते फार सुंदर होतं. सरांना आणि आम्हाला इतक्या वर्षांत जे जमलं नाही ते थंडीने एका दुपारी केलं. पुढे अर्थातच ह्याने स्वतःच्या वळणावर जाऊन घोळ घातला. कुठला टेक चांगला ते ठरवता येईना म्हणून सगळेच ठेवले, घोषणा आणि खोकल्यांसकट, दोन्ही बाजू भरून.

त्याच संध्याकाळी तो आबांच्या उशाशी बसला. "आबा, झाली तुमची कॅसेट. ऐकता?" आम्ही सगळे खाटेभोवती होतो. आबांना आता कुठे जाता येणार नव्हतं, मोटार तर फारच लांब. त्यांनी डोळे न उघडताच मान हलवली. "आत्ता नको. मेल्यावर निवांत ऐकीन." सासरे हसले, मी हसलो, आबांच्याही ओठाचा एक कोपरा हलल्यासारखा वाटला. मेहुण्याने टेपरेकॉर्डर उचलला आणि तो बाहेर निघून गेला. मी मागोमाग गेलो तर म्हणाला, "मोटार बघून येतो." गावात तेव्हा वीज नव्हती.

आबा त्याच आठवड्यात गेले. नदीकाठी हीऽ गर्दी. सासऱ्यांनी अग्नी दिला, माणसं खाली बसली, माजी सभापतींनी खिशातला कागद काढला, चेअरमननी घसा साफ केला, गुरुजी माईककडे निघाले. आणि माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच मी मेहुण्याला चारचौघांसमोर उठून उभा राहिलेला पाहिला. कानाच्या पाळ्या लालभडक. त्याने गुरुजींना गाठून सांगितलं की आबांची शेवटची इच्छा होती, भाषण नको, ही कॅसेट लावायची, आणि ती संपली की दहाव्याचं सांगायचं. गुरुजींचा चेहरा उतरला. त्यांनी आबांवर चार ओळी जुळवून आणल्या होत्या. पण शेवटच्या इच्छेपुढे कोण काय बोलणार? साउंडवाल्याने कॅसेट घातली, आणि नदीच्या दोन्ही काठांना ऐकू जाईल अशा आवाजात भोंग्यातून मेहुणा म्हणाला, "टेक एक." लोकांनी हात जोडले. माझ्या पुढ्यातल्या म्हाताऱ्याने शेजाऱ्याला विचारलं, "एक काय?" शेजारी म्हणाला, "पहिला अध्याय आसंल."

पहिले दोन-तीन अध्याय लोकांनी भक्तिभावाने ऐकले. मग चुळबुळ सुरू झाली. ऊन चढत होतं, चाल तीच, फक्त खोकला बदलत होता. एक बाजू संपली. शांतता पसरली. गुरुजी उठले, सभापतींनी कागद उलगडला. आणि खट्ट आवाज होऊन भोंग्यातून पुन्हा घोषणा झाली, "टेक सात." साउंडवाल्याने नवाच डेक आणला होता, कॅसेट आपणहून उलट्या बाजूला जाणारा. गुरुजी बसले. ती बाजू संपली, गुरुजी उठले, खट्ट झालं, "टेक एक." गुरुजी पुन्हा बसले. कॅसेट संपल्याशिवाय दहावा जाहीर होणार नव्हता, दहावा जाहीर झाल्याशिवाय कोणाला उठता येत नव्हतं, आणि कॅसेट तर संपणारच नव्हती. सभापतींना निफाडला आणखी एका मयताला हेच भाषण करायचं होतं. ते गुरुजींना दबक्या आवाजात म्हणाले, "बंद करा ना आता ते." गुरुजींनी आपल्या चार ओळींचा सगळा सूड त्या एका वाक्यात उगवला. "शेवटची इच्छा आहे, साहेब." शेवटी सभापतींनी कागदाची घडी घातली, चितेला हात जोडले आणि ते निघाले. मागून चेअरमन. मग संचालक. बांध फुटावा तसं गाव उठलं. दहावा कधी हे ऐकल्याशिवाय माणसं अमरधामातून घरी गेली, असं त्या गावात पूर्वी कधी झालं नव्हतं. पुढे कितीतरी दिवस लोक दारात येऊन विचारत होते, आबांचा दहावा कधी आहे हो?

म्हणजे आबांना हवं होतं ते अगदी त्यांच्या मनासारखं पार पडलं. गुरुजीही गेले. सासऱ्यांना भावकीने धरून घरी नेलं. मागे राहिलो मी, साउंडवाला आणि मेहुणा. चिता खाली बसत आली होती. साउंडवाल्याला संध्याकाळी पिंपळगावात लग्नाची ऑर्डर होती, तो दोनदा मेहुण्याकडे जाऊन परत आला आणि मग माझ्याकडे आला. "दाजी, तुम्ही तरी सांगा. मला वायरी गुंडाळायच्यात." मेहुणा भोंग्याच्या खांबाशी मातीत बसला होता, तोंड चितेकडे, मान किंचित कलती. मी त्याच्या शेजारी जाऊन टेकलो. मला त्याची समजूत काढायची होती, पण इतक्या वर्षांची सवय, तोंडातून चेष्टाच बाहेर आली.

"अरे, झालं ना काम. सभापती पळाले. बंद कर आता. आबाही कंटाळले असतील."

तो चितेवरची नजर न काढता म्हणाला, "कंटाळले असते तर उठून गेले असते, दाजी."

मला एकदम रडू आलं. साउंडवाला वायरीला हात घालत होता, त्याला मी लांबूनच हाताने थांब म्हटलं. भोंग्यातून खोकल्याचा आवाज आला, मग टेक नऊ, आणि आम्ही दोघं तिथेच बसून ऐकत राहिलो.